पाळीवरची बॅटरी

नागपूर, १२ सप्टेंबर १९८३

श्री. बुधरामजी व्याही यांना खुशालचा रामराम.

जावईबापूंबरोबर आज दोन वस्तू पाठवल्या आहेत. एक बॅटरी, झाकणाच्या लाकडी खोक्यात. ट्रकची आहे, जुनी आहे, पण आतल्या प्लेटा मी स्वतः नव्या घातल्या आहेत. दुसरी वस्तू म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा डबा. त्यात बिस्किटं नाहीत, तेव्हा विहीणबाईंनी उघडून पाहू नये. तो इन्व्हर्टर आहे. बॅटरीतली वीज घेऊन तो दोन फुटी ट्यूब पेटवतो. तो मी रोज दुकानातून आल्यावर बसून बनवला, तीन महिने लागले.

एकोडीत विजेचे खांब आले, पण तुमचं घर पडलं गावाबाहेर, तलावाच्या बांधावर, त्या पाळीवर. मासेमारी सोसायटीची राखण तुमच्याकडे, म्हणजे गावात राहायला जाणंही होत नाही. गीता लिहिते की पाळीवरच्या बाया संध्याकाळी तिच्याकडे अक्षरं शिकायला येतात आणि कंदिलाच्या धुरानं डोळे चोळत घरी जातात. माझी पोरगी बॅटरीच्या दुकानात वाढली आणि तुमच्याकडे कंदिलाची काच पुसते, हे मला बरं वाटत नाही. राग मानू नका, बाप आहे.

आता नीट ऐका, कारण तीस वर्षं मी हेच काम करतो आहे. बॅटरी कुठेही ठेवायची वस्तू नाही. तिला खेळती हवा लागते. ओल नको, ऊन नको, चुलीजवळ नको, खाटेखाली नको. जमिनीवर ठेवू नका, खाली लाकडी फळी घाला. डबा बॅटरीच्या डोक्यावर ठेवू नका, पण फार लांबही नेऊ नका, हातभर अंतर पुरे. त्या दोघांतली तार लांबली की जोर कमी होतो. संध्याकाळी तीन तास लावलीत तर आठ-दहा दिवस पुरेल. मग जावईबापूंनी मासे विकायला साकोलीला जाताना सायकलवर घालून न्यावी आणि भरून आणावी.

पत्र गीता वाचून दाखवीलच. ट्यूब लागली की कळवा.

आपला,
खुशाल

(दुसरं पान. गीता, हे तुझ्यापुरतं. मोठ्यानं वाचू नकोस. मी मालकांशी बोललो आहे. मनिरामरावांना दुकानात काम मिळेल, वरची खोलीही मिळेल. त्या पाळीवर आयुष्य काढायची तुम्हा दोघांना गरज नाही. होळीपर्यंत मालक जागा धरून ठेवणार आहेत. तुझ्या सासऱ्यांना एवढ्यात सांगू नकोस, एकुलता एक मुलगा आहे. विचार कर आणि मला कळव.)


एकोडी तलाव, २५ सप्टेंबर

इवाईले बुधरामचा रामराम. सांगनार मी, लिवनार गीता. तिले मनलं, जसं बोलतो तसंच लिव, नागपूरचं नोको करू.

तुमचं पत्र आयकलं. आमच्या घराले दोन खोल्या आन एक छपरी. तुमी मनता चूल नाई, खाट नाई, ओल नाई, ऊन नाई. मंग आमी आतापावतर राहिलो कोठी? तलावाच्या पाळीवर ओल नाई अशी जागा सांगा, मीच तथी जाऊन झोपतो.

मनिराम मने छपरीत ठेवू. पन तुमची इहीन बायाबाई आडवी झाली. मने, "पयल्यांदा घरात उजेड येऊन राहिला, त्याले बाहेर कुत्र्यावानी बांधता का? लक्ष्मी हाये ते. देवाजवळच बसंल." तिच्यापुढं माझं चालत नाई, हे तुमाले लगनातच समजलं असंल. लाकडी खोक्यासकट बॅटरी देवाजवळ बसवली. डबा वरच्या खुटीले टांगला. तो सारखा गुणगुणते, मनून त्याचं नाव गुणगुण्या ठेवलं.

आन इवाई, ट्यूब लागली! बायाबाईनं हात जोडले. धुरपता शेजारीन आपल्या पोराईले घेऊन पळत आली, मने आग लागली का काय. देव बी खुश दिसले, एवढ्या वर्सात त्यायचं तोंड आमी आताच साफ पाहिलं. पान्यातले मासे काठावर आले पाहाले. मी मनिरामले मनलं, आज जाळं नोको टाकू, पावने हायेत.

तुमी काहून येत नाई? लगनाच्या दिवशी आले आन संध्याकाळी पळाले. याच, आन तुमच्या हातानं जागा पाहून द्या.

एक गोष्ट राहिली. पाकिटात दोन पानं होते, मले मोजता येते. वाचन मात्र एकाच पानाएवढं झालं. दुसऱ्या पानावर काय होतं?

(बाबा, त्यांनी सांगितलं तसंच लिहिलं. दुसऱ्या पानावर बॅटरीचं गणित होतं असं मी सांगितलं आहे. खोटं बोलायची सवय नाही, कान गरम झाले. तुमच्या त्या पानाचं उत्तर सवडीनं लिहीन. गीता)


नागपूर, २ ऑक्टोबर

बुधरामजी, रामराम.

देवाजवळ बॅटरी! पत्र वाचलं आणि दुपारचं जेवण गेलं नाही.

अहो, बॅटरी श्वास सोडते. तिच्या टोपणांना बारीक भोकं असतात, त्यातून वायू बाहेर येतो. तो दिसत नाही, वासही येत नाही, पण ज्योत लागली की भडका. आमच्या दुकानात एकानं विडी पेटवून बॅटरीत डोकावून पाहिलं होतं. त्याला बावीस वर्षं झाली, भुवया अजून नीट आलेल्या नाहीत. देवासमोर तुम्ही दिवा लावणार, उदबत्ती लावणार. विहीणबाईंना सांगा, मी नास्तिक नाही, शनिवार धरतो. पण बॅटरीला देवापेक्षा छपरीच मानवते. ताबडतोब बाहेर काढा.

तुम्ही मला बोलावता हा तुमचा मोठेपणा. पण आमच्या घरात चाल आहे, मुलीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या सासरचं पाणी पिऊ नये. माझ्या वडिलांनी पाळली, मीही पाळतो. तहानलेला पाहुणा बोलावून तुम्ही काय करणार? म्हणून पत्रातूनच ओरडतो.

दुसऱ्या पानावर गणितच होतं.

आपला,
खुशाल


एकोडी तलाव, १७ ऑक्टोबर

इवाईले रामराम. गीता वर्गाच्या मिटिंगले साकोलीले गेली, मनून आज नत्थू पोस्टमन लिवून राहिला. एक चहा घेतला त्यानं, दुसरा मांगून राहिला.

तुमची काळजी समजली. हवा पायजे मनता, तर देवाजवळची खिडकी आता दिवसभर उघडी ठेवतो. बायाबाई मने, देव काही तिले खात नाई, राहू द्या.

काल दसरा झाला. आमच्यात दसऱ्याले पान्यात उतरत नाई. जाळ्याची पूजा करतो, डोंग्याची करतो. ज्याच्यावर पोट, त्याची पूजा. अवंदा बायाबाई मने, बॅटरीची बी कराची, सून तिच्या उजेडात चवदा बायाईले शिकवून राहिली. मंग झोकात पूजा केली. खोक्याले झेंडूचा हार घातला. खोक्याच्या झाकनाले भोकं होते, त्यातून मुंग्या जाऊ नाई मनून हळद-कुंकवाचा गारा करून पक्के बुजवले. आन झाकनावर तेलाचा दिवा ठेवला. हा दिवा आता दिवाळीपावतर अखंड राहीन. बायाबाईचा नवस हाये, तुमच्या बॅटरीले दीर्घायुष्य मिळो.

तुमाले बरं वाटंल मनून लवकर कळवलं.


तार. नागपूर, २० ऑक्टोबर १९८३

बुधराम, एकोडी तलाव. बॅटरीवरचा दिवा ताबडतोब काढा. भोकं मोकळी करा. घराबाहेर बसा. खुशाल.


एकोडी तलाव, २५ ऑक्टोबर

इवाई, रामराम. लिवनार गीता.

तुमी तार कायले केली? आमच्याकडं तार येते ते माणूस गेल्यावर. नत्थू सायकलवरून उतरला, टोपी काढली आन तार हातात धरून उभा राहिला. बायाबाईनं त्याच्या हातात कागद पायला आन हंबरडा फोडला. धुरपता आली, अर्धी पाळ गोळा झाली. कोन गेलं, कोन गेलं? नागपूरची तार हाये, मंग तुमीच गेले!  बायाबाई गीताले पोटाशी धरून रडे आन मने, "सोन्यासारखा इवाई, एक पेला पानी नाई पिला आमच्या घरचं." मी बी रडलो, खोटं कायले सांगू. कोनी तार उघडून पायलीच नाई. मेल्याचं पत्र उघडाची घाई कोनाले असते?

घटकाभरानं नत्थू मने, निदान किती वाजता गेले ते तरी पाहू. त्यानं उघडून मोठ्यानं वाचलं, "बॅटरीवरचा दिवा ताबडतोब काढा." मंग धुरपताले हसू फुटलं, आन तिच्यापाठी साऱ्या पाळीले. तुमी जिते हाये मनून बायाबाईनं गूळ वाटला.

मंग तिले आठवलं, दिवा! ते आत धावली. तं गीता रडत रडत हसते आन मने, "आत्याबाई, राहू द्या. त्या खोक्यात बॅटरी नाही."

आता आयका तुमच्या पोरीची करनी. बॅटरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशीच, आमी बाजाराले गेलो असताना, तिनं आन मनिरामनं खोक्यातून बॅटरी काढली आन छपरीत ठेवली, देवाच्या भितीच्या बरोबर पल्याड. खाली सागाची फळी, वर सावली, बाजूनं वारा. मातीच्या भितीले बोटाएवढं भोक पाडून तार आत घेतली. अल्याड गुणगुण्या, पल्याड बॅटरी, मधी हातभर अंतर. समोर जुनं जाळं टांगून दिलं, कोनाले दिसू नाई मनून. भरून आनाची बी मनिरामच गुपचूप पल्याडून नेत होता. पाच हप्ते माही बायको रिकाम्या खोक्याले नैवेद्य दाखवून राहिली!

बायाबाई दोन दिवस सुनेशी बोलली नाई. तिसऱ्या दिवशी मने, "घर वाचवलं पोरीनं. पन खोकं आता पुजलेलं हाये, ते देवाजवळून हलनार नाई." नाई तं नाई.

मी मात्र विचार करून राहिलो. जे पोरगी एवढी मोठी बॅटरी लपवू शकते, तिच्यासाठी एक पान लपवनं काय कठीन हाये?

(बाबा, हे शेवटचं वाक्य लिहिताना मामाजी माझ्या हाताकडे बघत होते. तारेबद्दल मला माफ करा. बॅटरी हलवल्याचं तुमच्या मागच्या पत्रानंतरच लिहायचं होतं, मिटिंगच्या धावपळीत राहून गेलं. नत्थूकाकांनी काय लिहून पाठवलं हे मला माहीत असतं तर मी आधीच कळवलं असतं. तुम्ही गेलात असं वाटलं ती घटकाभर पुन्हा आठवायची नाही मला. गीता)


नागपूर, ९ नोव्हेंबर

चि. गीतास अनेक आशीर्वाद.

या वेळी पाकीट तुझ्या नावाचं.

भिंतीच्या अल्याड-पल्याड! मी पंधरा दिवस कागदावर नकाशे काढत होतो, तुमच्या घराला तशी जागाच नाही असं ठरवून बसलो होतो. मालकांना सांगितलं, दुकानातल्या सगळ्यांना सांगितलं. दिवाळीचा चिवडा मी एकट्यानंच केला. कढीपत्ता जळला. तुझी आई गेल्यापासून या घरात बोलणारी वस्तू म्हणजे कुकर, तोही आठवड्यातून दोनदाच शिट्टी देतो.

ते असू दे. मी तुमच्या भल्यासाठी म्हणतो आहे. मनिरामरावांचा हात चांगला आहे, सहा महिन्यांत कारागीर होतील. खोलीला मी चुना लावून घेतला, दोन बटणं बसवली. तू अजून हो म्हणत नाहीस आणि नाहीही म्हणत नाहीस. होळी काही लांब नाही.

तुझे बाबा


एकोडी तलाव, ११ जानेवारी १९८४

ती. बाबांना गीताचा नमस्कार.

तुमची दोन्ही पानं मी कोणाला वाचून दाखवली नाहीत. ती देवाजवळच्या त्या रिकाम्या खोक्यात ठेवली आहेत. आत्याबाईंच्या धाकानं तिथे कोणी हात घालत नाही.

तुमच्या जावयांना विचारलं. ते म्हणाले, तू म्हणशील तसं. पण डोंगा पाण्यात ढकलताना ते गातात, बाबा, आणि साकोलीहून परत येताना पाळ दिसली की सायकलची घंटी वाजवतात. त्यांना दुकानात उभं केलेलं माझ्या डोळ्यांपुढे येत नाही. मलाही इथं वाईट नाही. चौदा बाया होत्या, आता एकोणीस आहेत. सुमनबाईंनी परवा सोसायटीच्या कागदावर अंगठा द्यायचं नाकारलं आणि सही केली, मग दिवसभर शाईचं बोट सगळ्यांना दाखवत हिंडल्या.

तरीपण तुमच्या त्या चिवड्याचं मी तीनदा वाचलं. तुम्ही भलं आमचं म्हणता, पण एकटे तुम्ही आहात हे मला दिसतं. त्यामुळे हो म्हणवत नाही आणि नाहीही म्हणवत नाही. मामाजींना सांगायचा धीर होत नाही. त्यांचा एकुलता एक मुलगा मी घेऊन जाणार, हे कोणत्या तोंडानं सांगू?

मामाजी रोज वर्गात मागे बसतात, आमच्याकडे पाठ करून. जाळं विणतो म्हणतात. एकच जाळं दोन महिने चाललं आहे.

तुमची,
गीता


एकोडी तलाव, ५ मार्च १९८४

इवाई, रामराम.

हे अक्षर माझं हाये. कोनी लिवून दिलं नाई. तीन दिवस लागले लिवाले.

वर्गात मांगं बसलो का साऱ्याईले वाटे मी जाळं विणतो. मी आयकत होतो. क आन म मले जाळ्याच्या गाठीवानी लवकर समजले. ज्ञ अजून येत नाई. त्याच्याबिना भागते.

मी कायले शिकलो, सांगतो. घरात माहं पत्र येते आन मले अर्धंच आयकाले भेटते, हे मले सोसलं नाई.

मांगच्या हप्त्यात बायाबाई बाजाराले गेली, तवा खोकं उघडलं. दोन पानं भेटले. पयलं पान वाचाले दोन दिवस लागले, दुसऱ्याले एकच. मंग पाळीवर जाऊन बसलो. पोरगा जाईन मनून वाईट वाटलं. खूप वाटलं. तुमचा राग बी आला.

मंग ते चिवड्याचं पुन्हा वाचलं. राग गेला.

मनिरामले विचारलं. तो मने, गीता मनंल तसं. गीताले विचारलं. ते रडली. मने, "मामाजी, मले इथंच राहावं वाटते. पन बाबा एकटे हायेत." तिनं काही लपवलं नाई. लपवलं असतं तं मले आता वाचता येते.

मनून मी ठरवलं. पोरं तथी येनार नाई. तुमी अथी या. पावना मनून नाई, राहाले या.

एकोडीत घरी लाइन नसलेल्या सात जनाईनं आता बॅटऱ्या घेतल्या, आमची ट्यूब पाहून. गावात खांब हायेत पन बॅटरी भरून देनारा कोनी नाई. सारे साकोलीले नेतात. जागेश्वर चक्कीवाला आपली बाजूची खोली द्याले तयार हाये. तुमी दुकान मांडा, दिवसा गावात, संध्याकाळी पाळीवर.

तुमच्यासाठी जागा मी पाहून ठेवली. छपरीत, उत्तरेच्या बाजूले. हवा खेळती हाये. ओल नाई, ऊन नाई. खाट लाकडी हाये, जमिनीवर झोपाचं काम नाई. चूल लांब हाये. आन पोरगी भितीच्या पल्याड, हातभर अंतरावर. तुमीच लिवलं होतं, तार लांबली का जोर कमी होते.

पान्याचं मनता, तं आमी सारे तलावाचं पितो. तलाव पोरीचा नाई, सोसायटीचा हाये. मी सोसायटीत विचारलं. कोनाची हरकत नाई.

बायाबाई मने, तुमाले बी हार घालाचा. दिवा ठेवनार नाई.

होळीच्या आंधी या.

बुधराम


तार. नागपूर, ९ मार्च १९८४

बुधराम, एकोडी तलाव. तार पाहून रडू नये. शुक्रवारी सामानासह येतो. जागा पसंत. पाणी पिणार. खुशाल.